किट कारची बॅटरी मागे हलवली: दहा महिन्यांनंतरचा हिशोब

आधी गाडीची कुंडली. किट कार, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेली गाडी. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांवर. चार सिलिंडरचं १.६ लिटर पेट्रोल इंजिन, २५ मिमी चौकोनी पाइपांची वेल्ड केलेली चॅसी, तिच्यावर अॅल्युमिनिअमचा पत्रा आणि फायबरची बॉडी. बॅटरीची मूळ जागा फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीवरच्या) फळीवर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांपासून) जेमतेम वीतभर. ती उचलून सीटच्या मागे, मागच्या अॅक्सलच्या किंचित पुढे बसवली. बॅटरी एजीएम प्रकारची (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली, न सांडणारी), १४ किलोची.

हा खटाटोप वजनासाठी करायचा असेल तर आधी आकडे मांडून पाहा. १४ किलो वजन २ मीटर मागे सरकलं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) २.३ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर गेले साधारण १२ किलो. ६०० किलोच्या गाडीत हे झाले २ टक्के. त्यात ३५ चौरस मिमी केबलमध्ये नुसतं तांबंच मीटरमागे ३१० ग्रॅम भरतं, इन्सुलेशनसकट ४०० च्या आसपास. केबल, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कान), बॅटरीचा पाळणा, पट्ट्या मिळून गाडी तीन-साडेतीन किलोने जडच झाली. दोन टक्क्यांचा फरक स्टिअरिंगवर जाणवतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. खरा फायदा उष्णतेचा आहे. शिशाच्या बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येतं, आणि मॅनिफोल्डशेजारी ती दहापेक्षा कितीतरी जास्त तापते. दुसरा फायदा म्हणजे फायरवॉलवर मोकळी झालेली जागा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या नटांपर्यंत आता पाना सरळ पोहोचतो.

केबल किती जाड घ्यावी हा प्रश्न सगळे आधी विचारतात, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. या इंजिनाचा सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरताना १४० अँपिअरच्या आसपास ओढतो; पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. बॅटरीपासून सेल्फपर्यंत केबल सव्वाचार मीटर. १६ चौरस मिमी घेतली तर केबलमध्येच ०.६ व्होल्टपेक्षा जास्त जातात, ३५ मध्ये ०.३ च्या आत. ५० घेतली तर ०.२, पण ती वळवताना जीव जातो. चार सिलिंडरसाठी ३५ पुरते. मोठं किंवा जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन असेल तर ५० घ्या.

केबल घेताना टोक कापून आतल्या तारा चाकूने खरवडून पाहा. आत पांढरी चमक दिसली तर ती वरून तांबं चढवलेली अॅल्युमिनिअमची तार आहे. ऑडिओच्या जाडजूड केबलींमध्ये हा प्रकार सर्रास असतो. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी आणि लगमध्ये दाबल्यावर ती हळूहळू सैल पडते. बारीक तारांची वेल्डिंग केबल वळायला मऊ आणि कामाला उत्तम, मात्र वरचं रबर तेलाला टिकणारं आहे का ते बघून घ्या, नाहीतर पूर्ण लांबीवर नळी चढवा.

लग कथील चढवलेले तांब्याचे, षटकोनी डायच्या हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले. सोल्डर नको. सोल्डर केबलमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथे तारा कडक होऊन कंपनाने तुटतात. हातोडीने ठोकून दाबलेला लग दिसायला ठीक वाटतो, पण एक बळी देऊन आडवा कापून पाहा, तारांमध्ये पोकळ्या दिसतील. नीट दाबलेल्या लगचा काप एकसंध तांब्यासारखा दिसतो, एकेक तार वेगळी ओळखू येत नाही. वरून आत गोंद असलेली हिट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). दहा महिन्यांत पॉझिटिव्ह बाजूच्या एकाही लगची तक्रार नाही.

तक्रार आली ती अर्थची, म्हणजे निगेटिव्ह टोकाच्या चॅसीशी असलेल्या जोडणीची. पॉझिटिव्ह केबलवर सगळे आठवडाभर विचार करतात आणि निगेटिव्ह मिळेल त्या बोल्टला अडकवून मोकळे होतात. चॅसीतून परतीचा करंट नेणं मुळात चुकीचं नाही. १.६ मिमी जाडीच्या २५ मिमी चौकोनी पाइपात साधारण १५० चौरस मिमी लोखंड असतं. साधं पोलाद तांब्याच्या आठ-दहा पट विरोध करतं, म्हणजे एक पाइप सुमारे १७ चौरस मिमी तांब्याइतका. लांबीच्या दिशेने असे चार पाइप वेल्डने जोडलेले असतील तर ते ५० च्या केबलपेक्षा सरस. अडचण पाइपात नसते, पाइपाला लागलेल्या बोल्टवर असते.

इथे नेमकं तेच झालं. बसवल्यावर परतीच्या बाजूचा ड्रॉप (वाटेत वाया जाणारे व्होल्ट) ०.१८ व्होल्ट होता. पाचव्या महिन्यात गरम इंजिनावर सेल्फ जड फिरू लागला. बॅटरी विश्रांतीत १२.८ व्होल्ट, पॉझिटिव्ह ड्रॉप जिथल्या तिथे, आणि परतीचा ०.६२. वाढलेले ०.४४ व्होल्ट गुणिले १४० अँपिअर म्हणजे एका बोल्टवर साठ वॅट जळत होते. चार-पाच वेळा सेल्फ मारून बोल्टला हात लावला तर चटका.

शोधायची पद्धत अशी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशावर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सोबतीच्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.३ च्या वर आला तर टप्पे पाडा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते बोल्टशेजारचा घासलेला पाइप, पाइप ते ब्लॉक. ज्या टप्प्यात आकडा उडी मारतो तिथे चोर. प्रत्येक सेल्फनंतर मिनिटभर थांबा. पॉझिटिव्हलाही हाच खेळ, मर्यादा ०.५ व्होल्ट.

इथे चोर होता लग आणि पाइप यांच्यामध्ये. कारण पावडर कोटिंग. ते प्लॅस्टिकच असतं. दाताळ वॉशरने ते फोडलं तरी लग मुख्यतः कोटिंगवरच टेकलेला राहतो. उष्णतेने आणि दाबाने थर पातळ होतो, बोल्टचा ताण उतरतो, फटीत ओलावा शिरतो आणि दातांच्या टोकांना गंज धरतो. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे कधीच कळत नाही, कारण ४ मिलिओहम त्याला शून्यच दिसतात. “कंटिन्युइटी आहे, बीप वाजतोय” हे वाक्य अशा वेळी निरुपयोगी.

दुरुस्तीत पाइपाला ६ मिमी जाडीची पोलादी पट्टी वेल्ड केली, तिच्यात १० मिमीचा बोल्ट. लग थेट उघड्या घासलेल्या पट्टीवर, मध्ये वॉशर नाही. वॉशर नटाच्या बाजूला. घट्ट आवळल्यावर मग बाहेरून रंग. ग्रीस किंवा रंग आधी लावून वर लग ठेवायचा नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी, आल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) कनेक्टर काढलेच पाहिजेत. त्यानंतरच्या पाच महिन्यांत ड्रॉप ०.१६ वर स्थिर आहे. रिव्हेट केलेल्या अॅल्युमिनिअमच्या पत्र्याला अर्थ म्हणून अजिबात धरू नका. ज्या गाडीची चॅसीच अॅल्युमिनिअमची किंवा कार्बनची आहे तिथे निगेटिव्हचीही पूर्ण लांबीची केबल ओढा.

इंजिन ते चॅसी पट्टा हा या साखळीचा शेवटचा दुवा. इंजिन रबरी माउंटवर बसतं, त्यामुळे पट्टा नसेल तर सेल्फचा करंट मिळेल ती वाट धरतो: क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, गिअरची दांडी. सेल्फ मारताना क्लच केबलचं कव्हर कोमट लागलं तर समजा, पट्टा लावायचा राहिलाय. पट्टा मुख्य केबलच्याच जाडीचा हवा. स्पीकरच्या तारेवर भागवणारे पाहिलेत.

केबलची वाट: प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याच्या) बोगद्यातून न नेता बोगद्याच्या बाहेरून, प्रवाशाच्या बाजूने. फ्युएल पाइप दुसऱ्या बाजूला. दर ३० सेंमीवर रबर अस्तराचा पी-क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) आणि त्यावर अजून एक नळी, कारण अॅल्युमिनिअमच्या कापलेल्या कडेची धार महिन्याभरात ग्रोमेट खाते. सहाव्या महिन्यात एका ग्रोमेटवर खाच दिसली. आतली नळी शाबूत होती.

फ्यूजबद्दल दोन मतं आहेत. सेल्फच्या केबलला फ्यूज नको म्हणणारे म्हणतात की तो नको तिथे उडेल. पण फ्यूज नसलेली ३५ ची केबल चॅसीवर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजार अँपिअरच्या वर सोडते, आणि ती केबल तुमच्या सीटशेजारून जाते. बॅटरी डिकीत ठेवणाऱ्या बीएमडब्ल्यूने तर अपघातात केबल तोडणारं स्फोटक टर्मिनल वापरलं आहे. इथे २५० अँपिअरचा, उशिरा उडणारा मेगा फ्यूज बॅटरीपासून १५ सेंमीवर आहे. दहा महिन्यांत एकदाही उडाला नाही, थंडीतल्या लांब क्रँकिंगलाही (सेल्फ मारत राहण्यालाही) नाही. ईसीयूची लाइन मात्र सेल्फच्या स्टडवरून घेऊ नका. ती वेगळ्या फ्यूजमधून कट-ऑफ स्विचलगतच्या (बॅटरी तोडणाऱ्या मुख्य स्विचलगतच्या) टोकापासून सरळ ओढा, नाहीतर क्रँकिंगच्या वेळी केबलमधला सगळा ड्रॉप तिच्या वाट्याला येतो आणि ईसीयू मध्येच रीसेट होतो.

कट-ऑफ स्विच बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे दोन टोकांचा साधा स्विच. आल्टरनेटर सेल्फच्या स्टडला जोडलेला असतो, म्हणजे स्विचच्या पलीकडे. चालू इंजिनावर स्विच बंद केला तर बॅटरी सुटते, पण आल्टरनेटर इग्निशनला पोसत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. वर व्होल्टेजची उसळी येऊन डायोड किंवा ईसीयू जातो. सहा टोकांचा स्विच घ्या. त्याच्या बारीक टोकांची एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी ३ ओहमच्या रेझिस्टरमधून आल्टरनेटरची वीज अर्थमध्ये जिरवते. जोडून झाल्यावर इंजिन दोन हजार आरपीएमवर ठेवून स्विच फिरवून पाहायचाच.

बॅटरीचा पाळणा २५ मिमी अँगलचा, चारही पाय चॅसीच्या पाइपांवर. फायबरच्या फ्लोअरला बोल्ट मारून भागत नाही. २० जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या २० पट) धक्का धरला तर १४ किलोची बॅटरी २८० किलोच्या जोराने पुढे येते, आणि पुढे तुमची पाठ आहे. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) अपेंडिक्स जे या नियमावलीतला नियम इथे चांगला मार्गदर्शक आहे: धातूची बैठक, इन्सुलेशन चढवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिमीचे बोल्ट आणि प्रत्येकाखाली ३ मिमी जाड, २० चौरस सेंमीची प्लेट. रॅचेटचा कापडी पट्टा दोन महिन्यांत सैल पडतो.

बसायच्या जागेत साधी पाण्याची बॅटरी नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. एजीएमलाही व्हॉल्व्ह असतो, जास्त चार्ज झाली तर तीही वायू सोडते. म्हणून व्हेंटची नळी फ्लोअरमधून बाहेर काढलीच पाहिजे, मध्ये कुठे दुमडू न देता.

चार्जिंगला अंतराचा त्रास नाही. दिवे आणि पंखा चालू असताना आल्टरनेटरवर १४.४, बॅटरीवर १४.३. बॉनेटखाली झाकणवाला पॉझिटिव्ह स्टड ठेवल्याने चार्जर लावायला सीट काढावी लागत नाही. याच सोयीने गाडी महिनाभर उभी असली तरी बॅटरी खाली गेलेली नाही.

एक गोष्ट अजून डोक्यात आहे. कट-ऑफ स्विचवरचा ड्रॉप सुरुवातीला ०.०६ होता, आता ०.११ झालाय. ०.१५ गाठला की स्विच बदलायचा, आणि पुढचा सीटच्या मागे न ठेवता बाहेरून हात पोहोचेल असा विंडस्क्रीनच्या खांबापाशी.