व्हॉट्सॲप बिझनेस : मसाल्याच्या घरगुती धंद्यासाठी दोन वर्षं वापरून

आमचा कराडला कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे, मी आणि सासूबाई, आणि सीझनला गल्लीतल्या चार बायका मदतीला. दोन वर्षं व्हॉट्सॲप बिझनेस (व्हॉट्सॲपचंच धंद्यासाठीचं वेगळं ॲप) वापरतेय, पाचपैकी चार स्टार देईन, आणि का ते नीट सांगते कारण खूप जणी विचारतात की मार्केटिंगला एवढा वेळ कुठून काढतेस.

आधी काय केलं ते सांगते. एका एजन्सीला सहा महिने दरमहा ८००० रुपये दिले, महिन्याला बारा पोस्ट. त्यांच्याकडे सणांची यादी होती, प्रत्येक सणाला आमचा लोगो लावून शुभेच्छा. आणि श्रावणी सोमवारी त्यांनी चक्क मटणाच्या तांबड्या रश्श्याचा फोटो टाकला!! आमची निम्मी गिऱ्हाइकं श्रावणात कांदा-लसूण शिवत नाहीत, सासूबाईंना दोन दिवस फोन येत होते, त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नाही. त्या दिवशी ठरवलं की आमच्या धंद्याबद्दल जे काय बोलायचं ते आम्हीच बोलणार, भले कमी बोलू.

ॲप फुकट आहे, भारतात २०१८ पासून आहे, मी उशिराच घेतलं. लँडलाईन नंबरवरही चालू करता येतं, नंबर तपासायचा कोड फोन करून सांगतात, म्हणून घरातला जुना नंबरच दुकानाचा केला, माझा मोबाईल मोकळा राहिला.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते लेबल (मेसेजला लावायची खूण) आणि क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेलं उत्तर). गिऱ्हाइकाने काही विचारलं की त्या मेसेजला मी ‘प्रश्न’ असं लेबल लावते, बस, तेव्हा बाकी काही करत नाही. आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे दुपारी लाईट नसते म्हणून कांडप बंद असतं, तेव्हा लेबल उघडून बसते आणि त्यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर नीट लिहिते. एकच. मागे पुण्याच्या एका वहिनींचा व्हॉइस मेसेज आला, "अहो ताई, मसाल्याला वर तेल सुटलंय, खराब झाला का हो?" सासूबाईंना ऐकवला तर त्या खोबरं किसता किसता म्हणाल्या, "अगं कांदा, खोबरं तेलात तळून घालतो आपण, तेल दिसणारच की. सांग त्यांना, कोरडा चमचा वापरा आणि बरणीत हिंगाचे खडे टाका." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ते उत्तर क्विक रिप्लायमध्ये गेलं (‘/तेल’ टाईप केलं की येतं, असे ५० ठेवता येतात), तेच कॅटलॉगमध्ये (ॲपमधली आपल्या मालाची यादी) मसाल्याच्या माहितीत गेलं, आणि सासूबाई बरणीत खडे टाकतायत असा वीस सेकंदांचा व्हिडिओ स्टेटसला. एका दुपारचं काम, आणि अजून दर पावसाळ्यात तेच परत वापरते. नवीन नवीन काहीतरी सुचलंच पाहिजे हे टेन्शनच गेलं.

बाकीचं सीझन देतो. मार्च-एप्रिलला मिरची येते, ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला, तेव्हा अंगणात वाळत घातलेली मिरची आणि देठ खुडणारे हात एवढंच स्टेटसला टाकलं तरी "यंदा माझे दोन किलो धरा" असे मेसेज सुरू होतात. पावसाळ्यात साठवणुकीचं, श्रावणात फक्त गोडा मसाला, दिवाळीला चिवडा मसाला. वर्ष भरलं की! सणाचं शुभेच्छा-पोस्टर दोन वर्षांत एकही केलं नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात ज्यांनी मसाला नेला त्यातले बरेच जण दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतःहून आले, मला याचाच जास्त आनंद आहे.

आता एक स्टार का कापला. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, हे सुरुवातीला कळलंच नव्हतं, मी आपली पाठवत बसले. आता पाकिटावर छापलंय ‘हा नंबर सेव्ह करा, नवीन मसाला कधी होतो ते कळवू’, आणि लिस्टला महिन्यातून दोनदाच पाठवते, त्यापेक्षा जास्त केलं की लोक ब्लॉक करतात आणि त्यांचं काही चुकत नाही. स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून व्हिडिओ फोनमध्ये महिन्याप्रमाणे वेगळ्या अल्बममध्ये ठेवा, पुढच्या वर्षी लागतात. अँड्रॉइडवर बॅकअप गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतच धरतात, व्हिडिओ साचले की ती जागा भरते, तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

आणि हो, नवीन गिऱ्हाईक या ॲपने आपोआप येत नाही. ज्यांच्याकडे तुमचा नंबर पोचलाय त्यांना धरून ठेवायला हे आहे. अनोळखी माणसाला सापडायचं असेल तर गुगल मॅपवर धंद्याची नोंद करा, तीही फुकट आहे. आम्ही केली तेव्हा पत्त्यासोबत सासूबाईंचा पाट्यावर खोबरं वाटतानाचा फोटो लावला, आणि लांबून गाडी थांबवून येणारे आधी विचारतात, "त्या आजी कुठायत?"

एजन्सी लावायच्या विचारात असाल तर आधी हे तीन महिने करून बघा, ‘प्रश्न’ लेबलात किती जमतंय ते बघा. माझ्याकडे आत्ता एकोणीस बाकी आहेत, यंदाचा उन्हाळा निघेल त्यात.