एकबिंदू की द्विबिंदू? नवी मुंबईत स्केचिंग सुरू करताना

स्केचबुक घेतलंय, रविवारी बाहेर बसून चित्रं काढायचीत, पण पर्स्पेक्टिव्ह म्हणजे यथार्थदर्शन (सपाट कागदावर जवळ-लांब दाखवायची पद्धत) एका बिंदूचं शिकावं की दोन बिंदूंचं, हे ठरत नसेल तर आधी जागा निवडा. पद्धत जागेवरूनच ठरते.

वाशी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून रुळांच्या दिशेने पाहा. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, छताच्या कडा दूर एकाच बिंदूकडे धावतात. हे एकबिंदू. तो बिंदू तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. त्यामुळे उभं राहून काढलंत तर तुमच्याच उंचीची माणसं जवळ असोत वा लांब, त्यांचे डोळे याच पातळीच्या एका रेषेत, म्हणजे क्षितिजरेषेवर, येतात. बाकावर बसलात की उभ्या माणसांचे डोळे या रेषेच्या वर जातात.

नवख्याची खरी फजिती होते ती खांबांच्या अंतरात. त्यावर सोपी युक्ती आहे: पहिले दोन खांब काढा. पहिल्याच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा ओढा. ती खांबांच्या पायथ्यांच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब. पुढचेही असेच.

द्विबिंदूसाठी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज गाठा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात उभारलेली ही बैठी वसाहत, लहान चौकाभोवती सात-सात घरं. घराचा कोपरा समोर घेतलात की एक भिंत डावीकडच्या बिंदूकडे जाते, दुसरी उजवीकडच्या. दोन्ही बिंदू ए-फोर कागदातच कोंबले तर कोपरा नको इतका टोकदार होतो. शेजारी जादा कागद चिकटवा आणि बिंदू लांब न्या. उतरत्या छपरांच्या तिरप्या कडा मात्र क्षितिजरेषेवर मिळत नाहीत, तिथे बरेच जण चुकतात.

पर्स्पेक्टिव्ह हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ ‘आरपार पाहणे’. 1435 मध्ये इटालियन विद्वान आल्बेर्तीने चित्राला उघडी खिडकी मानलं, तेही याच धर्तीवर. घरीही करून पाहा: एक डोळा मिटा, डोकं स्थिर ठेवा आणि खिडकीच्या काचेवर समोरच्या इमारतीच्या कडा मार्करने गिरवा. बिंदू आपोआप सापडतात.

माझं मत स्पष्ट आहे. छंद म्हणून काढणार असाल तर एकबिंदूने सुरुवात करा, हात लवकर बसतो. आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची तयारी असेल तर त्यात फार रेंगाळू नका, द्विबिंदूकडे वळा. खालून वर पाहत टॉवर काढायला तिसरा बिंदू लागतो. तो सध्या राहू द्या.