रोमन प्रांतांची नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहताना

ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाची ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन’ ही विनामूल्य सूची मी बरेच दिवस नेमाने वापरतो आहे. इ.स.पूर्व ४४ पासून इ.स. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोमन प्रांतांमध्ये पाडलेली नाणी शहर, राजवट किंवा चित्र यांवरून तिच्यात शोधता येतात. तिचे खरे मोल मला शेजारच्या दोन मुलखांची नाणी एकत्र पाहताना कळले.

यहूदियाचा (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईन भागातील ज्यूंच्या मुलखाचा) रोमन सुभेदार पाँटियस पायलट याचे अंगठ्याच्या नखाएवढे कांस्याचे नाणे घ्या. एका बाजूला शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकडी काठी आणि भोवती ग्रीक लिपीत ‘टायबेरियस सीझरचे’, म्हणजे त्या वेळच्या सम्राटाचे, एवढाच मजकूर; दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात त्याच्या राजवटीचे वर्ष. सम्राटाचा चेहरा मात्र कुठेच नाही, कारण ज्यूंना अशा प्रतिमा धर्मबाह्य वाटत. पायलटच्या आधीच्या सुभेदारांनी खजुराचे झाड, कणीस अशी कोणालाही न खुपणारी चित्रे निवडली होती, म्हणून या काठीला पुष्कळ जण मुद्दाम डिवचणे समजतात. मला ते पटत नाही: पायलटच्याच आदल्या वर्षीच्या नाण्यावर एकीकडे रोमन पूजेतील पळी आहे, तर दुसरीकडे जवाची तीन कणसे आहेत, आणि चेहरा त्यानेही कटाक्षाने टाळलेला आहे. त्याच काळात उत्तरेकडच्या मुलखाचा शासक फिलिप, जो यहूदियाचा पूर्वीचा राजा हेरोद याचा पुत्र आणि स्वतः ज्यू होता, सम्राटाचा मुखवटा बेधडक छापत होता, कारण त्याची प्रजा बहुतांशी ज्यू नव्हती. रोमशी निष्ठा दोघांनाही दाखवायची होती. ती कोणत्या चित्राने दाखवायची हे नाणे हाती घेणाऱ्या लोकांकडे पाहून ठरत होते.

सूचीतील नोंदी अतिशय त्रोटक आहेत. चित्रात काय आहे ते सांगितले जाते, पण त्याचा अर्थ वाचकालाच लावावा लागतो. शिवाय एकाच छायाचित्रावर विसंबू नये, कारण नाणी झिजलेली असतात. उपलब्ध असलेले सगळे नमुने पाहावेत.

नवख्यांनी गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) नेमाउसस, म्हणजे आजचे नीम, येथून सुरुवात करावी. तिथल्या नाण्यावर सम्राट ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून आहेत आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर, म्हणजे जिंकलेला इजिप्त आहे. सुट्या पैशांसाठी मधोमध कापलेली ही नाणीही सापडतात.