जामी: निरोप गुप्त राहतो, ठावठिकाणा नाही

नाशिकला मी वकिली करते. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं पोटगीची, नाहीतर घरातल्या मारहाणीची. या बायकांचे नंबर सासरच्या सगळ्यांना पाठ असतात आणि सिम बऱ्याचदा नवऱ्याच्याच नावावर असतं. नंबरशिवाय चालणारं काहीतरी हवं होतं, म्हणून गेल्या पावसाळ्यात जामी हे निरोप आणि कॉलचं ॲप घेतलं. अजून वापरते आहे.

जामी मुक्त सॉफ्टवेअर आहे. आधी त्याचं नाव रिंग होतं, 2018 मध्ये ते जामी झालं. खातं आपल्याच फोनमध्ये तयार होतं; ना नंबर लागतो, ना ईमेल. आपली ओळख म्हणजे 40 अक्षर-अंकांची एक लांब ओळ, ती क्यूआर कोडने समोरच्याला द्यायची. हवं तर वापरकर्तानाव नोंदवता येतं, पण ते सगळ्यांना शोधता येतं आणि पुन्हा बदलता येत नाही. मी अशिलांना ते घेऊच देत नाही.

निरोप कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसत नाही. फोन एकमेकांना शोधून थेट जोडले जातात आणि मधलं सगळं एन्क्रिप्टेड असतं. त्याची किंमतही आहे. दोघांचे फोन एकाच वेळी चालू नसतील तर निरोप अडकून राहतो. रात्री मी पाठवलेली तारीख अशिलाला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली, असं अनेकदा झालं. ग्रुपमध्ये हा त्रास कमी होतो, कारण तिसऱ्या कुणाचा फोन चालू असला तर त्याच्याकडून निरोप पुढे जातो. बॅटरी वाचवण्यासाठी ॲप बंद पाडणाऱ्या फोनवर तेवढी एक सेटिंग बदलावीच लागते. पासवर्ड विसरलात किंवा फोन हरवला तर खातं परत मिळवून देणारं कुणी नाही. बॅकअपची फाईल आधीच काढून ठेवायची.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ‘पीअर-टू-पीअर (मध्ये सर्व्हर न ठेवता थेट फोन ते फोन) आहे, म्हणजे आपण कुणाला सापडत नाही’ असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. मधला माणूस निघून गेला की दोन फोन समोरासमोर येतात, आणि समोर यायचं तर एकमेकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, कळावाच लागतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझी ज्युनिअर सिन्नरला राहते. तिला जामीवरून कॉल लावला आणि माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क चालू ठेवलं; नेटवरून काय कुठे जातंय ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. डेटाची पाकिटं भराभर एकाच पत्त्याकडे जात होती. तो पत्ता उचलून आयपी शोधणाऱ्या साइटवर टाकला, तर तिच्या घरच्या ब्रॉडबँडवाल्याचं नाव आणि जिल्हा समोर आला. मोबाइल डेटावर केलं तेव्हा गाव मुंबई दिसलं, म्हणजे हे दर वेळी अचूक नसतं. घराचा नेमका पत्ता तर कंपनीच्या नोंदीतच असतो. पण सासर सोडून धुळ्याला माहेरी गेलेल्या बाईच्या नवऱ्याला ‘नाशिकचं नेट सुटलं, धुळ्याचं लागलं’ एवढं कळलं तरी पुरे असतं. थेट वाट सापडली नाही तर जामी रिले सर्व्हरवरून, म्हणजे मध्ये उभं राहून डेटा पुढे देणाऱ्या संगणकावरून, वळसा घेतं, पण वाट ठरवतानाच दोन्हीकडचे पत्ते एकमेकांना पोहोचलेले असतात. जामीवाले हे लपवत नाहीत. अनामिकता हे त्यांचं वचनच नाही.

व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारी सेवा) लावला तर समोरच्याला व्हीपीएनचा पत्ता दिसतो. मात्र तेव्हा भरवसा त्या कंपनीवर ठेवावा लागतो, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार भारतात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांच्या नोंदी 5 वर्षं ठेवायच्या आहेत. ब्रायर नावाचं निरोपाचं ॲप टॉरमधून, म्हणजे अनेक संगणकांवरून फिरवून माग पुसणाऱ्या जाळ्यातून, जातं, त्यामुळे तिथे पत्ता झाकला जातो. पण मे 2023 मध्ये केंद्राने ज्या 14 ॲप्सवर बंदी घातली, त्यात ते होतं. अशिलाच्या फोनमध्ये ते घालून समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत द्यायची माझी तयारी नाही.

म्हणून मी वाटणीच करून टाकली आहे. माझ्याशी, बहिणीशी, समुपदेशकाशी बोलायला जामी. तिथे ते मला फार आवडतं, कारण नंबर कुठेच फिरत नाही. मुलांच्या भेटीसाठी नवऱ्याशी बोलावंच लागत असेल, तर जामी अजिबात नको. तो कॉल व्हॉट्सॲपवर, आणि त्याआधी प्रायव्हसीमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन कॉलमध्ये आयपी पत्ता लपवण्याची सोय चालू करायची. ती 2023 पासून आहे, पण आपणहून चालू नसते. सिग्नलमध्येही कॉल कायम रिलेवरून नेण्याची अशीच सोय तिथेच सापडते. पहिल्या भेटीत वकीलपत्रावर सही झाली की अशिलाच्या फोनमध्ये ही सेटिंग मी समोर बसवून करून घेते.