काचेआडचं ऊन बघून लेबलं घेतली आणि फसलो

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, शेतीपंपांचे स्टार्टर पॅनेल बनवतो. बराच माल अथणी, रायबाग, चिक्कोडीकडं जातो आणि तिथं विहिरीवर नाहीतर नदीकाठी उघड्यावर बसतो. पॅनेलच्या दारावर प्लास्टिकचं लेबल असतं. त्यावर एचपी, सिरियल नंबर, वायरिंगचं चित्र आणि लाल अक्षरांत कानडी-मराठीत धोक्याची सूचना. गावचा वायरमन त्या चित्रावरच जोडणी करतो, म्हणून लेबल गेलं की माझी झोप उडते.

गेल्या जानेवारीत लेबलं छापून देणारी एक नवी पार्टी भेटली. दर जुन्यापेक्षा कमी. मी स्पष्ट विचारलं, "अहो, आमचा पत्रा दिवसभर उन्हात तापतो, टिकंल का?" त्यांनी दुकानाच्या दर्शनी काचेला आतून चिकटवलेलं लेबल दाखवलं. "बघा साहेब, दोन वर्षं झाली, रोज थेट ऊन येतंय. रंग उडालाय का?" लाल रंग खरंच ताजा होता. वर 'एक हजार तास यूव्ही टेस्ट'चा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या चाचणीचा, सही-शिक्क्याचा लॅब रिपोर्ट हातात ठेवला. मी दोन हजार लेबलांचे पैसे आगाऊ भरले.

मे महिन्यात रायबागहून शेतकऱ्याचा फोन आला, "मालक, नंबर विचारतासा खरं, हितं पाटी कोरीच हाय की." जाऊन बघितलं. सूचना फिकट गुलाबी झालेली. लेबल चारी बाजूंनी आखडून कडेला डिंकाची तपकिरी रेघ उघडी पडलेली, तिच्यात धूळ रुतलेली. उरलासुरला नंबर बोटानं पुसला तर शाई बोटाला आली.

मग छपाईतल्या एका जुन्या मित्राकडं गेलो. त्यानं तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून लेबलाला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे प्लास्टिकात क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. (हे उघड्या हवेत, धुरापासून लांब राहून करायचं.) ऑर्डर पॉलिस्टरची होती! पीव्हीसी उष्णतेनं आखडतं, पॉलिस्टर सहसा तसं आखडत नाही. नंबरही उष्णता आणि घासणं सोसणाऱ्या रेझिन रिबनऐवजी (रिबन म्हणजे छपाईची शाईची फीत) स्वस्त मेणाच्या रिबननं छापलेला.

आणि ती काच! जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात साधारण 295 नॅनोमीटर तरंगलांबीपासूनची किरणं असतात. साधी काच त्यातली 310-320 च्या खालची बहुतेक अडवते, आणि रंग-प्लास्टिकला जास्त झोंबणारी तीच. दुकानातल्या लेबलानं ना ते ऊन खाल्लं, ना पाऊस.

रिपोर्ट खोटा नव्हता, हे मला जास्त लागलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं की निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे. नमुना पॉलिस्टरचा, आम्हाला पाठवलेला माल दुसराच. तेव्हाच ते पान उलटलं असतं तर! शिवाय एक हजार तास म्हणजे जेमतेम 42 दिवस. दिवा कुठला, तापमान किती, मध्ये ओलावा दिला का, हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एका नेहमीच्या पद्धतीत 60 अंशांवर आठ तास यूव्ही आणि 50 अंशांवर चार तास दंव, अशी पाळी फिरवतात. त्यावरून 'इतकी वर्षं टिकेल' असं सरसकट कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पार्टी म्हणते, तुमच्या पत्र्यावरच्या पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाच्या थराचा दोष. पैसे परत नाहीत. चलनावर नुसतं 'स्टिकर' लिहिलेलं, त्यामुळं माझ्याकडं धरायला काही नाही. आता मी ऑर्डरवरच फिल्म, डिंक, रिबन लिहून घेतो आणि रिपोर्टचा नंबर थेट लॅबला विचारतो. प्रत्येक लॉटमधलं एक लेबल पॅनेलच्याच पत्र्यावर चिकटवून अर्ध्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावतो आणि पत्रा गच्चीवर टाकतो. महिन्यानं फॉइल काढलं की दोन्ही अर्धे शेजारी दिसतात.

रायबागच्या त्या पॅनेलवर तूर्त ऑइल पेंटनं नंबर रंगवून आलोय, वायरिंगचं चित्र लॅमिनेट करून दाराच्या आत लावलंय. अथणीकडची पॅनेल अजून बाकी आहेत, रविवारी तिकडं निघतोय.