ऑस्कर, अरोवाना की रेडटेल? पिल्लू घेण्याआधी पूर्ण वाढलेला मासा बघा

दुकानात तिन्ही पिल्लं शेजारी शेजारी असतात आणि तिन्ही हाताच्या बोटाएवढीच असतात. नारिंगी-काळ्या नक्षीचा ऑस्कर, पट्टीसारखा सरळ पोहणारा सिल्व्हर अरोवाना आणि तळाशी मिशा हलवत बसलेला, पांढऱ्या पोटाचा रेडटेल कॅटफिश. तिघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, तिघंही शिकारी. घेणारा माणूस रंग बघतो, भाव विचारतो आणि पिशवी घेऊन निघतो. पण यातला ऑस्कर एका फुटाच्या आसपास थांबतो, अरोवाना तीन फुटांकडे जातो आणि रेडटेल चार फुटांचा, चाळीस किलोच्या घरात जाणारा प्राणी होतो. निवड करायची ती या मापावरून. तीन इंचांच्या पिल्लात यातलं काहीच दिसत नाही.

‘टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो’ हे वाक्य तुम्हाला दुकानात ऐकायला मिळेल. मलाही मिळालं होतं. त्याच भरवशावर मी चार फुटी टाकीसाठी रेडटेलचं पिल्लू घेतलं. वर्षाच्या आत ते दीड फुटाचं झालं. टाकी दीड फूट रुंद होती, म्हणजे वळायचं असेल तर त्याला आधी शेपूट काचेला टेकवून शरीर धनुष्यासारखं वाकवावं लागे. रात्री दिवे बंद केल्यावर काचेवर ठप्प ठप्प आवाज यायचा. नाक घासून घासून त्यावरची कातडी गेली होती आणि खाली गुलाबी मांस दिसत होतं. तळाचे गोटे तो गिळायचा आणि दोन दिवसांनी ओकायचा. एका सकाळी हीटरची वायर त्याच्या तोंडातून बाहेर आलेली दिसली, तेव्हा मी हरलो. ओळखीतल्या एकांच्या शेतावर सिमेंटचा मोठा हौद होता. बर्फाच्या पेटीत पाणी भरून, बॅटरीवरचा एअर पंप लावून आम्ही त्याला तिकडे नेलं. टाकीने त्याची वाढ थांबवली नव्हती, फक्त त्याचे हाल केले होते. छोट्या टाकीत एखादा मासा खुजा राहतोही, पण तो साचलेल्या घाणीमुळे आणि ताणामुळे. त्याचा कणा वाकतो, आयुष्य घटतं. त्याला ‘जमवून घेतलं’ म्हणता येत नाही.

म्हणून रेडटेलबद्दल माझं उत्तर एकच आहे: घरात नको. बंगला असला तरी नको. कायमचा मोठा हौद, त्याला साजेसं फिल्टर आणि पंधरा वर्षांची तयारी असेल तरच बोलू.

खरी निवड ऑस्कर आणि अरोवाना यांच्यात आहे.

ऑस्करचं पिल्लू पहिले आठ-दहा महिने महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतं. एका ऑस्करला ४ × १.५ × १.५ फुटांची, म्हणजे साधारण २५० लिटरची टाकी ही किमान. दोन ठेवायचे असतील तर ४ × २ × २ फुटांची, साडेचारशे लिटरची घ्या. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज साथ देतो. आणि साथ हा शब्द मी विचार करून वापरतोय. ऑस्कर माणूस ओळखतो. घरात चार माणसं असली तरी खायला घालणारा खोलीत आला की ऑस्कर काचेपाशी येतो. टाकीतला एखादा दगड हलवला किंवा पाणी जास्त बदललं की रुसून कुशीवर पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मेला, पण तासाभरात उठून तो दगड पुन्हा स्वतःच्या मनासारखा ढकलायला लागतो. झाडं लावू नका, उपटेल. टेट्रा, गप्पी असे छोटे मासे सोबत सोडू नका, गिळेल.

अरोवानाचं आकर्षण वेगळं आहे. तो पाण्याच्या वरच्या थरात, अगदी पृष्ठभागाला पाठ लावून फिरतो. मोठे खवले प्रकाशात चमकतात आणि हनुवटीवरच्या दोन मिशा पुढे धरलेल्या असतात. बघणारा थांबतोच. म्हणून तर दुकानांच्या काउंटरवर आणि ऑफिसांच्या स्वागतकक्षात तो ‘लक्ष्मी आणतो’ म्हणून ठेवलेला दिसतो. पण ऑस्करसारखी जवळीक त्याच्याकडून अपेक्षू नका. शिवाय त्याला लागते ती रुंदी. हा मासा लांब आहे आणि फार वाकत नाही, त्यामुळे टाकीची रुंदी त्याच्या वळण्यापुरती हवीच. पूर्ण वाढलेल्या सिल्व्हर अरोवानाला मी ८ × ३ × २ फुटांपेक्षा कमी सांगणार नाही. ते झालं साडेतेराशे लिटर पाणी. ‘आत्ता चार फुटी, पुढच्या वर्षी मोठी घेऊ’ असं ठरवणाऱ्यांची पुढच्या वर्षीची टाकी बहुतेक वेळा येतच नाही.

दुसरी गोष्ट उडी. जंगलात अरोवाना पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. घरात रात्री दिवा अचानक लागला तरी उडतो. झाकण हवं, त्यावर वजन हवं आणि फिल्टरचा पाइप जिथून आत जातो ती फटसुद्धा जाळीने बंद हवी. सकाळी फरशीवर सुकलेला अरोवाना ज्यांनी उचललाय, त्यांना ही फट विसरता येत नाही. तिसरी गोष्ट डोळा. टाकीतल्या अनेक अरोवानांचा एक डोळा हळूहळू खाली झुकतो. तळातलं खाणं टिपायची सवय, चरबी अशी कारणं सांगितली जातात. एकदा झुकला की सहसा परत येत नाही.

इथेच एक सावधगिरी. लाल किंवा सोनेरी ‘एशियन अरोवाना’ हा दक्षिण-पूर्व आशियातला वेगळा मासा आहे. दुर्मीळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक यादीत, तो आहे. परवानाधारक फार्मवर जन्मलेल्या माशाला मायक्रोचिप आणि कागदपत्रं असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून साइट्सच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. कागद नसलेला ‘स्वस्त’ एशियन कोणी दाखवला तर तिथून निघा.

आता वजन, कारण फ्लॅटमध्ये निम्मा निर्णय इथेच होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घराचा स्लॅब बांधताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार, म्हणजे माणसं आणि सामान यांचा भार, धरलेला असतो. दोन फूट उंच पाण्याचा भारच दर चौरस मीटरला ६०० किलो होतो, त्यात काच आणि स्टँड वेगळे. भार थोड्याच जागेवर असतो, त्यामुळे चार फुटी टाकी तुळईजवळ, भिंतीलगत ठेवून बहुतेक घरांत निभावते. आठ फुटी टाकीला मात्र इंजिनिअरला घरी बोलवा, तेही टाकीची ऑर्डर देण्याआधी.

पाणी हा रोजचा खर्च आहे. शिकारी मासे प्रथिनं खातात आणि तेवढीच घाण करतात. त्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट काढायला पाणी बदलणं हाच साधा मार्ग. ऑस्करच्या २५० लिटरच्या टाकीत आठवड्याला शंभर लिटर बदलायचं, म्हणजे पाच बादल्या. अरोवानाच्या टाकीत चारशे लिटर, म्हणजे वीस बादल्या. सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येत असतील तर या वीस बादल्यांचा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडा. काढलेलं पाणी झाडांना उत्तम. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला अँटिक्लोरीन टाका. बोअरचं पाणी असेल तर जडपणा तपासून घ्या. मुंबईत हीटर क्वचित लागतो, नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात लागतोच.

खाण्यात दोघांत फार फरक नाही. जिवंत गोल्डफिश सोडून शिकार बघायची हौस अनेकांना असते. ती सोडा. त्या माशांसोबत रोग येतात आणि गोल्डफिशमधल्या थायमिनेज या घटकामुळे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते. चांगले पेलेट, म्हणजे माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, सोबत सालासकट कोळंबी, एवढं पुरतं. चिकनची चरबी, मटणाचे तुकडे नकोत. ऑस्करच्या डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले तर आधी पाणी आणि आहार तपासा, मग औषधाच्या मागे लागा.

दुकानात दिसणारे आणखी दोन मोठे मासे, ॲलिगेटर गार आणि ‘शार्क’, यांच्यावर मी फार शब्द घालवत नाही. गार हा अमेरिकेतल्या मिसिसिपीकडचा मासा. २०११ मध्ये तिथे जाळ्यात सापडलेला एक गार जवळजवळ १४८ किलोचा होता. आणि दुकानातला काळसर ‘शार्क’ म्हणजे आपल्या शेततळ्यांत वाढवतात तो पंगस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच बहुधा.

हे मासे डोईजड झाले की लोक तलावात, नदीत सोडतात. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचा अरापायमा मिळाला. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, टाकीतली काच चाटणारा सकर मासा आता त्यांची जाळी फाडतो. सोडून दिलेला मासा कोणाच्या तरी पोटावर येतो, म्हणून माझा आग्रह एवढा आहे.

तेव्हा भाड्याच्या घरात असाल, दोन-तीन वर्षांत बदलीची शक्यता असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. स्वतःचा फ्लॅट, चार फुटांची भिंत आणि आठवड्याला एक सकाळ देता येत असेल तर एक ऑस्कर घ्या, एकच. तळमजला, पाण्याची सोय, आठ फुटी टाकीचे पैसे आत्ता हातात असतील तर अरोवानाचा विचार करा. दोन्हींत टाकी आधी भरा, फिल्टर महिनाभर चालवा, अमोनिया शून्य येतोय हे टेस्ट किटवर बघा. मग दुकानात जा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. जे पिल्लू सगळ्यात आधी झेपावतं, डोळे स्वच्छ आहेत, पंख फाटलेले नाहीत, ते निवडा.