ओव्हुलेशनच्या पट्ट्या आणि सकाळचं तापमान: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बाळासाठी चान्स घ्यायचं ठरलं की घरात पहिली येते ती बहुधा ओव्हुलेशनच्या, म्हणजे स्त्रीबीज कधी बाहेर पडेल ते लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्यांची डबी. गेले काही महिने साध्या पट्ट्या, धारेखाली धरायची मिडस्ट्रीम कांडी, सकाळचं तापमान मोजायचा बेसल थर्मामीटर आणि मोबाइलमधलं पाळीचं ॲप, असं सगळं एकाच वेळी वापरून पाहिलं. निकाल आधीच सांगते. पाळी बऱ्यापैकी नियमित असेल तर साधी पट्टी पैसे वसूल करते. मात्र पट्टी गडद होईपर्यंत वाट बघत बसलं, तर महिन्यातले चांगले दिवस तोवर निम्मे संपलेले असतात. हे पाकिटातल्या पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र योनीतला स्राव चांगला असेल तर ५ दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता असते ती ओव्हुलेशनचा दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस मिळून ६ दिवसांत, आणि त्यातही ओव्हुलेशनच्या आधीचे २ दिवस सर्वांत मोलाचे. पट्टी मोजते ते एलएच हे हार्मोन. ते एकदम उसळतं आणि उसळी सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. म्हणजे पट्टी पॉझिटिव्ह येते तेव्हा आपण त्या ६ दिवसांच्या शेवटच्या टोकाला आलेलो असतो. म्हणून पट्टीवरची चाचणीची रेषा थोडी ठळक व्हायला लागली किंवा स्राव पातळ झाला की तेव्हापासूनच एक दिवसाआड संबंध ठेवावेत, आणि पट्टी पॉझिटिव्ह आली की तो दिवस व पुढचा दिवस चुकवू नये. ‘साठवून ठेवायचं’ म्हणून आठ-दहा दिवस थांबणारी जोडपी खूप आहेत. त्याने उलट शुक्राणूंची हालचाल मंदावते.

आता खरेदी. पेठेतल्या मेडिकलमध्ये दबक्या आवाजात ‘ती टेस्टची पट्टी द्या’ म्हटलं की हमखास प्रेग्नन्सीची पट्टी हातात पडते. दोन्ही दिसायला सारख्याच असतात. पाकिटावर एलएच लिहिलेलं असेल तर ती ओव्हुलेशनची, एचसीजी लिहिलेलं असेल तर प्रेग्नन्सीची. तिथेच काउंटरवर वाचून घ्यावं, लाजू नये. पाच पट्ट्यांचं पाकीट एका पाळीला बहुतेक वेळा पुरत नाही. ऐन रेषा गडद होत असताना पट्ट्या संपतात, आणि दुपारी दुकान बंद असलं तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. पंचवीस किंवा पन्नासचं पाकीट घेतलं तर एकेक पट्टी बरीच स्वस्त पडते आणि हात आखडत नाही. मुदत मात्र बघून घ्यावी. साठवण साधारण २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये असं पत्रकावर असतं. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या घरात हा आकडा सहज ओलांडला जातो, तेव्हा घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. बाथरूमच्या फळीवर तर कधीच नको. पावसाळ्यात पाऊच फोडून पट्टी तशीच पडू दिली की ती दमट हवा शोषते आणि पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेषासुद्धा फिकी येते. पाऊच फोडायचं ते लघवी कपात घेतल्यावरच.

सुरुवात कोणत्या दिवशी करायची? गेल्या पाच-सहा महिन्यांतली सगळ्यात लहान पाळी (एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची येईपर्यंतचे दिवस) धरा आणि तिच्या दिवसांतून १७ वजा करा. २८ दिवसांची असेल तर ११वा दिवस, २६ची असेल तर ९वा, ३२ची असेल तर १५वा. पहिला दिवस म्हणजे नीट लाल स्राव सुरू झाला तो. आदल्या रात्रीचा तपकिरी डाग त्यात धरायचा नाही. एका दिवसाचा हा घोळ पुढचं सगळं गणित हलवतो.

करायची पद्धत साधी आहे, पण बारकावे पाळावे लागतात. कप कोरडा हवा आणि त्यात साबणाचा अंश नको. पट्टी बाणाच्या दिशेने, कमाल मर्यादेच्या रेषेच्या वर लघवी जाणार नाही इतकीच बुडवायची. किती सेकंद ते पत्रकावर असतं, बहुतेक पट्ट्यांना ५ ते १० सेकंद पुरतात. मग सपाट जागी आडवी ठेवायची. आधी फिकट गुलाबी ओल पट्टीभर सरकत जाते, मग पकडायच्या टोकाकडची नियंत्रण रेषा उमटते आणि तिच्या अलीकडे चाचणीची. ५ मिनिटांनी वाचायची आणि १० मिनिटांनंतर दिसेल ते सोडून द्यायचं, कारण वाळताना रेषा आपोआप गडद होते. नियंत्रण रेषा आलीच नाही तर ती पट्टी बाद.

वाचतानाचा सर्वांत मोठा घोटाळा असा की प्रेग्नन्सीच्या पट्टीवर पुसट दुसरी रेषाही पॉझिटिव्ह धरतात, इथे ती निगेटिव्ह असते. शरीरात एलएच थोडंफार रोजच असतं, त्यामुळे फिकी रेषा महिनाभर दिसू शकते. चाचणीची रेषा नियंत्रण रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. रेषेची रुंदी बघायची नाही, रंग बघायचा. रोज ५ मिनिटं झाली की त्याच ट्यूबलाइटखाली फोटो काढून एकाखाली एक ठेवले की चढण स्पष्ट दिसते. खिडकीच्या उजेडातला एक आणि पिवळ्या दिव्यातला एक असे फोटो ताडून बघण्यात अर्थ नाही. डिजिटल कांडीत हा रंगांचा गोंधळ मिटतो, पण ती बरीच महाग पडते. मिडस्ट्रीमचा फायदा फक्त कप न लागण्याचा, मोजमाप तेच.

वेळ सकाळची पहिली नको. एलएचची उसळी बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. सकाळी १० ते रात्री ८ या वेळात, रोज साधारण एकाच सुमाराला करावी. हिंजवडी-खराडीला नोकरी असेल तर दुपारची वेळ ऑफिसात साधणं अवघड, तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावरची वेळ कायम धरलेली बरी. त्याआधी दोन तास पाणी, ताक, सरबत बेतानंच घ्यावं. लघवी पातळ झाली की खरी उसळीसुद्धा फिकी दिसते. काहींची उसळी १२ तासांतच ओसरते आणि रोज एकच पट्टी करणाऱ्यांच्या हातून निसटते. ‘मला ओव्हुलेशनच होत नाही’ असा घोर लावून घेण्याआधी पुढच्या पाळीत रेषा चढायला लागल्यापासून दिवसातून दोनदा, अकराच्या आणि सातच्या सुमाराला करून बघावी.

पट्टी उसळी दाखवते. बीज खरंच बाहेर पडलं का, हे तिला कळत नाही. ते कळतं तापमानावरून, पण नंतर. ओव्हुलेशननंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि झोपेतून उठतानाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं. घरातला तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, कारण तो एकच दशांश दाखवतो. दोन दशांश दाखवणारा बेसल थर्मामीटर लागतो. जाग आल्याबरोबर, अंथरुणात उठून बसण्याच्याही आधी, तो जिभेखाली ठेवायचा. आधी सलग तीन-चार तास झोप झालेली हवी. ज्या भागात पाणी पहाटे येतं तिथे बायका पाच वाजता उठून पाणी भरतात आणि परत पडतात. त्यांनी पाचलाच, पाय खाली टाकण्याआधी, मोजावं. सातचा आकडा धरू नये. रात्रपाळी, ताप, जागरण, मद्य, तोंड उघडं ठेवून झोपणं, यातलं काहीही असेल तर त्या दिवशीच्या आकड्याशेजारी खूण करून ठेवावी.

आकडे वाचायचे ते असे: आधीच्या ६ दिवसांतला सर्वांत मोठा आकडा ९७.५ फॅरनहाइट असेल आणि त्यानंतर सलग ३ दिवस ९७.९ किंवा वर असेल, तर ओव्हुलेशन होऊन गेलं. एकाच दिवसाची उडी धरायची नाही. याचा उपयोग त्या महिन्याच्या वेळेसाठी शून्य, पण पट्टी पॉझिटिव्ह येऊनही तापमान चढत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला तो पक्का कागद आहे. माझ्या मते दोन-तीन पाळ्या मोजून आपला ठोका कळला की हे बंद करावं. रोज डोळे उघडताच मूल होण्याचा विचार करायला लावणारी ही सवय मनाला फार थकवते.

स्रावाकडे लक्ष ठेवायला एक पैसाही लागत नाही आणि पट्टीच्याही आधी इशारा मिळतो. पाळीनंतर काही दिवस कोरडे, मग चिकट, मग सायीसारखं, आणि शेवटी बोटांमध्ये धरल्यावर न तुटता ताणला जाणारा पारदर्शक स्राव. हा शेवटचा दिसू लागला की चांगले दिवस सुरू झाले. संबंधांनंतर लगेच बघू नये, वीर्यामुळे फसगत होते. सर्दीच्या काही गोळ्यांनी स्राव आटतो. खाज आणि दह्यासारखे गोळे असतील तर तो संसर्ग, त्याला औषध लागतं. दुकानात मिळणारी बहुतेक वंगणं शुक्राणूंना मारक असतात, प्रयत्न चालू असताना ती टाळावीत.

ॲपने दाखवलेला हिरवा दिवस हा मागच्या पाळ्यांची सरासरी असते, मोजमाप नव्हे. नोंदवही म्हणून ॲप उत्तम, तारीख ठरवायला नाही. आणि अमुक दिवशी संबंध ठेवले तर मुलगा होतो, असं कुणी सांगितलं तर ते सपशेल खोटं आहे.

पीसीओएस (बीज नियमित बाहेर न पडण्याचा हार्मोनचा विकार) असेल तर या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. एलएच बऱ्याचदा मुळातच चढलेलं असल्याने आठवडाभर पॉझिटिव्ह येत राहू शकतं आणि बीज तयारच झालेलं नसतं. बीज तयार व्हावं म्हणून दिलेल्या क्लोमिफिनच्या गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर किमान ३ दिवस जाऊ द्यावेत. बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर ही पट्टी करूच नये, आणि प्रेग्नन्सीची पट्टीही साधारण दोन आठवडे खोटी आशा दाखवू शकते. अशा वेळी फॉलिक्युलर स्टडीच खरी. ९व्या-१०व्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी करून फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पिशवी, वाढतंय का, १८ मिलिमीटरच्या पुढे गेलं का आणि फुटलं का, हे प्रत्यक्ष दिसतं.

प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी सरसकट २१व्या दिवशी करून घेतात. ती खरं तर ओव्हुलेशननंतर ७ दिवसांनी करायची असते. २८ दिवसांच्या पाळीला २१वा दिवस बरोबर, ३५च्या पाळीला २८वा. चुकीच्या दिवशी केली तर आकडा कमी येतो आणि घरात विनाकारण रडारड होते. योग्य दिवशी ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आकडा आला तर ओव्हुलेशन झालेलं असतं.

वय ३५च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ किंवा पुढे असेल तर ६ महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावं. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५च्या पुढे येत असेल, पूर्वी क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर थांबूच नये. फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याआधीपासून. पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणीही व्हावी, त्याआधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर न जाऊ देता. ती तपासणी सोपी आणि स्वस्त असते, तरी बायकोच्या सगळ्या सोनोग्राफ्या झाल्यावर तिचा नंबर लागतो. जाताना पाळीच्या तारखा, पट्टी पॉझिटिव्ह आली तो दिवस आणि तापमानाचे आकडे एका पानावर लिहून न्यावेत. मोबाइलमधले फोटो चाळण्यात तपासणीची दहा मिनिटं संपून जातात.